हिरव्या खुणेला भिणारे काका

लाल खूण दिसली की माणसं घाबरतात. आमचे काका सगळं हिरवं दिसलं की घाबरत. वसमतच्या एका खासगी दवाखान्यातले कॉम्प्युटर ते सांभाळत आणि मी त्यांच्या हाताखाली होते. शिरड शहापूरहून एसटीने आले की पाणी पिण्याआधी पडद्यावरचे आकडे बघत. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'भित्रे काका' म्हणायचो. सगळ्यांत जास्त मीच.

एका दुपारी पडद्यावर रक्ताच्या फ्रिजचं तापमान चार अंश होतं, शेजारी हिरवी खूण. काका म्हणाले, "सकाळधरून चारच काहून? आकडा हलून का न्हाई राहिला?" मी हसले. ते उठून फ्रिजपाशी गेले, दार उघडून हात आत घातला आणि तसेच उभे राहिले. फ्रिज बंद पडला होता. पलीकडच्या खोलीत औंढ्याकडची एक बाळंतीण रक्ताची वाट बघत होती आणि आतल्या पिशव्या वाया गेल्या होत्या.

नांदेडहून दुसऱ्या पिशव्या येईपर्यंत मी आकडा का अडकला ते शोधत होते. चूक माझीच होती. त्या सकाळी मी तापमान नोंदवायची नवी फाईल केली, ती रूटच्या, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या 'मालक' खात्याच्या नावावर. देखरेखीच्या प्रोग्रामला ती वाचायची परवानगीच नव्हती. तो शेवटचा वाचलेला आकडा दाखवत बसला. भीतीच्या भरात मी ती फाईल सगळ्यांना वाचायला-लिहायला खुली करून टाकली.

काकांनी ती मोकळीक लगेच काढून घेतली. "पोरी, समदेच लिहू लागले त आकडा कोणाचा खरा मानायचा?" देखरेखीच्या प्रोग्रामला फक्त वाचण्यापुरती परवानगी देऊन त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "मालकाला समदं दिसतंय. तू प्रोग्रामच्या नावानं वाचून बघ." बघितलं. आकडा हलला.

बाई वाचली. वर विचारणा झाली तेव्हा काकांनी चूक स्वतःवर घेतली. त्यानंतर मी त्यांना कधी भित्रे म्हटलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःची परवानगी माझ्याच हातून काढायला लावली. मी ती काढली. मग त्यांनी आपल्या नावाने ती तापमानाची फाईल उघडून बघितली. मशीनने परवानगी नाकारली.

"बराबर हाय," एवढंच म्हणून त्यांनी पिशवी उचलली. पडद्यावर सगळं हिरवं होतं आणि खोलीत घाबरायला आता मी एकटीच उरले होते.