आवतन नसलेलं भरीत

चिखलीच्या कॉलेजात भूगोल शिकवायला मी रत्नागिरीकडून आले, ती दोन बॅगा आणि अंगातला सगळा कोकणी ताठा घेऊन. आमच्याकडे 'या हं' म्हटल्याशिवाय शेजारणीच्या ओटीवरही कुणी चढत नाही. इथे दर शनिवारी शेवटचा तास संपला की स्टाफरूममधले सगळे उठायचे आणि कुणाच्या तरी घरी जेवायला निघायचे. मला कुणी काही म्हणायचं नाही. मी पेपर तपासायचं सोंग करायची, मग खोलीवर जाऊन खिचडी टाकायची आणि एकटीच बडबडायची, मेल्यांनो, एक ताट वाढलं तर तुमचं काय जाणार होतं?

दिवाळी झाली, थंडी पडली, तरी तेच. घराजवळच्या एका कॉलेजातून मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सोमवारी मुलाखत होती. इथे माझं होतं तरी कोण?

शनिवारी इतिहासाच्या मॅडमना तेवढं सांगितलं, कारण त्या निदान मला बघून खुर्ची सरकवायच्या. त्या भडकल्याच.

"काऊन चालल्या? आमी काय केलं तुमाले?"

मीही कमी नाही. म्हटलं, "एकदा तरी जेवायला बोलावलंत?"

"आवतन पाव्हण्याले देतात बाई. रोज संगं बसते त्या मानसाले कोनी आवतन देते काय? आमाले वाटलं, तुमाले आमच्या घरचं चालत नसंन."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. इतके दिवस मी रुसून बसले होते, आणि तिकडे त्यांना वाटत होतं मी त्यांना हलकं लेखते.

मॅडमनी पर्स उचलली. "आजही नाई बोलावत. आमचं शेत अमडापूरले हाये, रस्त्यालेच," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

खोलीवर येऊन मी बॅग भरली, पुन्हा उपसली, आणि स्वतःवरच चरफडत अमडापूरची जीप पकडली. वाटेत सबब जुळवली, की एक पुस्तक विचारायचं होतं म्हणून आले.

शेतात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती आणि सगळा स्टाफ भोवती बसला होता. मला बघून कुणी दचकलं नाही, कुणी 'अरे, तुम्ही?' केलं नाही. फिजिक्सचे सर वांगं उलटवत नुसतं म्हणाले, "मॅडम, मिरच्या ठेचा बरं. रिकाम्याच हायेत तुमी."

पुस्तकाचं राहिलं तोंडातच. मी पदर खोचला आणि ठेचायला बसले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पंगत बसली. इतिहासाच्या मॅडम माझ्या शेजारी टेकल्या आणि ताटाकडे बघत हळूच म्हणाल्या, "उद्या किती वाजताची गाडी हाये?"

"कसली गाडी?" म्हटलं, आणि त्यांच्यापुढून हात घालून टोपल्यातली आणखी एक भाकरी उचलली.