व्हर्निअरवाले भावजी

आमच्या भावजींच्या खिशाला पेन नसायचं, व्हर्निअर असायचं, केसाएवढी मापं घ्यायचं. धसईत हर्षितचं नाव काढलं की लोक विचारत, "तो मोजणारा?" माझी भाकरीसुद्धा मोजली त्यांनी. वर म्हणे, "वहिनी, एका बाजूला जाड झालीय." खा की गुमान!

वाशिंदला पंपाचे कंट्रोलर बनवायच्या कारखान्यात ते तात्पुरते लागले होते. मालक जयरामशेठनी सांगितलं, "हा सर्किट बोर्ड एकट्याने कर. जमला तर पक्का, नाय तर दुसरा बघतो." बोर्डातला रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा खटका, नवा; कॉम्प्युटरात त्याचा तयार फूटप्रिंट नव्हता. फूटप्रिंट म्हणजे रिलेचे पाय बोर्डात जिथे शिरतात त्या भोकांचा नकाशा. जेवताना रोज तेच ऐकून मलाही पाठ झालं होतं. भावजींनी रिलेच्या कंपनीने दिलेल्या मापांवरून तो स्वतः काढला, आणि बरोबर काढला, हे विशेष.

मग खात्री करायला कागदावर छापून आणला, काळूरामच्या दुकानातून. काळूराम लोकांचे सातबारे छापतो. कडेचा शिक्का कापला गेला की माणसं येऊन त्याच्या डोक्यावर बसतात, म्हणून तो प्रत्येक पान जरासं लहान करूनच काढतो. अख्ख्या धसईला ठाऊक आहे. भावजींना नाही, ते शिकलेले ना!

घरी कागदावर रिले ठेवला, तर पाय भोकांच्या बाहेर. हातात व्हर्निअर, समोर कंपनीची मापं, दोन्ही सांगतायत की नकाशा बरोबर आहे. पण भावजी म्हणाले, "डोळ्यांना दिसतंय ना वहिनी!" आणि भोकं लांब सरकवली. घरातलं सगळं मोजलं त्या माणसाने, तो कागद तेवढा मोजला नाही.

बोर्ड बनून आले. जयरामशेठनी रिले ठेवला, दाबला, फिरवून पाहिला. पाय भोकांना पोचेनात. दुसरा बघतो म्हणाले होते, तसा दुसरा बघितला. भावजी डबा न उघडताच एसटीने घरी आले.

दुसऱ्या दिवशी काळूरामवर तणतणत गेले. तो म्हणाला, "कडा कापली का? नाय ना? मग?"

पुढच्या आठवड्यात मी बाजारात भाजी घेत होते, तर भावजी पुन्हा त्याच दुकानात! नोकरीसाठी बायोडाटा छापायचा होता. चांगलं तोंडसुख घ्यावं म्हणून मी जवळ गेले.

काळूरामने विचारलं, "लहान करू का रे, नेहमीसारखा?"

भावजींचा हात सवयीने खिशाकडे गेला. व्हर्निअर कारखान्याचं होतं, ते शेठनी ठेवून घेतलं होतं. मी पिशवीतली भाजी नीट लावू लागले.

"कर," भावजी म्हणाले.