तीन रात्री न झोपलेले दोन साक्षीदार

कुंभिवलीजवळच्या एका गावातली ती घरफोडी निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. दागिन्यांचा डबा गेला होता. सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फिर्यादी बाई, गस्तीवरचे काका-पुतण्या आणि गावकऱ्यांनी धरून आणलेला एक माणूस असे चौघे हजर होते.

चोर फिरत असल्याच्या अफवेने गावाने पाळ्या लावून गस्त सुरू केली होती. हे दोघे मात्र पाळी न बदलता तीन रात्री जागले होते. पुतण्या दिवसा कारखान्यात, काका शेतावर. झोप दोघांनाही नव्हती. काका पासष्टीचे, पुतण्या बाविशीचा.

धरलेला माणूस माथेरानच्या हॉटेलात भांडी घासायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून तो रात्रीच घरी निघाला होता. "सायेब, पोलिसांनी धरला म्हनून कललं, तर पोराकडचे यायचे नाय," एवढंच तो बोलत होता.

पुतण्या ठाम होता. "यालाच घरातून निघताना बघितला. माजा डोला बी लवला नाय."

काका म्हणाले, "दोघं होते रं, फटफटीवर पलाले. हा मागून टेंपोतून उतरला."

"काका, तुमी पेंगत होता!"

"मी? घोरत कोन होता, गाढवा?"

सगळे हसले. हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, म्हातारा जागरणाने भ्रमलाय. पोराचा जबाब घेऊ." मलाही तसंच वाटलं.

जबाब सुरू झाला. हवालदार आत आले, टेबलावरून संशयिताची पिशवी उचलून बाहेर गेले. मी पुतण्याला विचारलं, "पिशवी कुठे गेली?"

"कसली पिशवी? कोन आलंच नाय."

त्याचे डोळे उघडे होते. चहाचा ग्लास मात्र हातात कलंडून पँट भिजली होती, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. कोपऱ्यातून काका म्हणाले, "हवालदार घेऊन गेले."

मी जबाब थांबवला आणि नाक्यावरच्या ढाब्याचा कॅमेरा तपासायला माणूस पाठवला. दुचाकीवर दोघे पळताना दिसले. त्यानंतर टेंपो थांबला आणि हा माणूस उतरला. दुचाकीच्या नंबरावरून पुढे दोघेही सापडले, डबा मुद्देमालात जमा झाला.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, जागरणात मेंदू काही सेकंद परस्पर झोपतो आणि माणसाला ते कळत नाही. अशा डुलक्या तरुणांना बऱ्याचदा जास्त लागतात. वयस्कर माणूस सावकाश आठवतो, पण लक्ष टिकवण्यात अनेकदा तरुणापेक्षा कमी ढासळतो. पोरगा खोटं बोलत नव्हता. चोरीनंतरच्या आरडाओरड्याने त्याला जाग आली, समोर जो दिसला त्याला त्याने चोर ठरवलं. मधली फट त्याच्या डोक्याने स्वतःच बुजवली होती.

त्यानंतर कुणाचाही जबाब घेण्याआधी मी विचारायचो, "शेवटचे कधी झोपलात?" ठामपणा हा पुरावा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या माणसाला दुपारीच मोकळं केलं. पुतण्या ओशाळून म्हणाला, "दादा, मी सोडतो तुमाला बाईकवर." मी त्याची चावी काढून घेतली. तो बाकावर बसला आणि बसल्या जागी झोपला.

काकांनी टोपी घातली. "सायेब, याला उठवू नका. पावन्यांना मी सांगतो, गावाची चूक झाली. हा जागा झाला की साखरपुड्याला येऊन पाया पडेल."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा आटोपून तो माणूस ठाण्यात पेढे घेऊन आला. सोबत काका होते, आणि त्यांच्यामागे भरपूर झोपलेला पुतण्या.