पोस्टिंग आली, पण कोर्स मोडला नाही

मंडळी, सकाळी मी रडायच्या बेतात होते आणि आत्ता चक्क शिरा करून खातेय. ऐका!

काल यांची पोस्टिंग आली, जबलपूरला. फौजीच्या घरात त्यात नवीन काही नाही. पण प्रत्येक बदलीत माझा कोर्स मोडतो. बेळगावला शिवण अर्धं राहिलं, भटिंड्याला ब्यूटिशियनचं. वर्ष पुरं केलं नाही तर सर्टिफिकेट नाही. नव्या गावी पुन्हा पहिल्यापासून!

इथे चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, मी मिक्सर, पंखे दुरुस्त करायला शिकतेय. आज मास्टरजींना जाऊन सांगितलं, "मेरा नाम काट दीजिए."

इस्त्रीची कॉइल बसवता बसवता ते म्हणाले, "क्यों काटूँ, बहनजी? प्रेस-मिक्सर का इम्तिहान आप पास कर चुकीं, वो आपका हुआ. पंखा-मोटर जबलपुर में कर लेना."

मी त्या परीक्षेला आपली मधली चाचणी समजत होते! आता म्हणे सरकारने कोर्सचे छोटे भाग पाडलेत. प्रत्येक भागाचं वेगळं सर्टिफिकेट, आणि ते देशभर चालतं. इतकी वर्षं ही अक्कल कुठे होती, हा राग आहेच. पण आज तो बाजूला ठेवलाय.

बदलीवाल्या बायांनो, तुमचं काय काय कुठल्या गावी राहिलंय? एकदा चौकशी तरी करा.

आत्ताच हे म्हणाले, "मिक्सर नीट गुंडाळ. मागच्या बदलीत बंद पडला होता."

म्हटलं, "पडू दे हो. आता मी आहे ना!"