जाडीची गळकी टाकी

माझा साबण चोरीला गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. कपड्यांचा पिवळा साबण, रेशनवर तीन महिन्यांनी मिळालेला, मी फडताळात चिंधीत गुंडाळून ठेवला होता. सकाळी बघते तर अर्धी वडी गायब. बाहेर माझा नवरा एवेलियो गाडीखाली उताणा पडून त्याच वडीने पेट्रोलच्या टाकीचं बूड घासत होता.

"अरे म्हाताऱ्या, साबण आहे तो!"

"माहितीये. म्हणून तर घासतोय."

साबण चिरेत जाऊन बसतो, पेट्रोलात विरघळत नाही, आणि गळती थांबते. आमच्या कामाग्वे शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण थांबते म्हणजे किती दिवस? सहा आठवडे जाडी माझ्या साबणावर धावली आणि मी सहा आठवडे उरलेली अर्धी वडी जपत नुसत्या पाण्यात कपडे बुचकळले.

जाडी म्हणजे आमची गाडी. त्रेपन्न सालची, एवेलियोच्या वडिलांनी घेतलेली. तिचा मूळचा भाग आता दारं आणि छत एवढाच उरलाय, बाकी सगळं एवेलियोने घडवलेलं. चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात पत्र्याचं काम केलं या माणसाने. निवृत्त झाल्यावर जाडीतून प्रवासी न्यायचे, आणि रिकाम्या वेळी लोकांच्या गळक्या टाक्यांना तापल्या सळईने कथलाचा डाख द्यायचा, यावर आमचं घर चालतं. टाकी घेऊन लोक याच्याचकडे येतात. कारण एकच, याचं नाक.

पेट्रोलच्या टाकीला विस्तव लावणं म्हणजे खेळ नाही. आत थेंब नसला तरी वाफ असते, आणि टाकी फुटते ती वाफेनेच. कारखान्यातला निवाल्दो असाच गेला, रविवारी, स्वतःच्या अंगणात. म्हणून शहाणा माणूस टाकी पाण्याने भरतो, वाफेला जागाच ठेवत नाही, मग डाख देतो. एवेलियोही तसंच करायचा. पण गेली दोन वर्षं नळाला दहा-दहा दिवस पाणी नाही. साठ लिटर पाणी टाकीत ओतायला आणायचं कुठून? मग याने सुरू केलं की टाकी कॉस्टिक सोड्याने धुवायची, दोन दिवस उन्हात उघडी ठेवायची, आणि तोंडाला नाक लावून डोळे मिटून हुंगायचं. मान हलवली की टाकी तयार. गल्लीत याचं कोण कौतुक! शेजारचा रेइनेरियो तर म्हणायचा, "एवेलियोचं नाक सरकारने पगारावर ठेवायला हवं."

ते काम हा घरी करत नसे. रुळांपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जायचा. त्यामुळे माझा त्या कामाशी संबंध नव्हता.

मंगळवारी फोनवर निरोप आला. पाच महिन्यांपूर्वी पेट्रोलसाठी नाव लावलं होतं, त्याचा नंबर लागला होता. गुरुवारी सकाळी, चाळीस लिटर. पंपावर ते फक्त गाडीच्या टाकीत घालतात, डबा पुढे केला तर हाकलून देतात. नंबर चुकला की पुन्हा पाच महिने. आणि नेमका त्याच दिवशी माझा साबण संपला, म्हणजे टाकीच्या बुडाचा. जाडीखाली थेंब, थेंब, थेंब.

मी म्हटलं, "उरलेली अर्धी वडी घे. एवढी माझी हार मी कबूल करते."

"साबणाने नाही भागणार. शिवण उघडलीये. डाखच द्यायला हवा."

याने टाकी उतरवली, धुतली, अंगणात उन्हात ठेवली. प्लॉटवर का नेली नाहीस, विचारलं. म्हणे, सायकलवरून नेली तर शिवण आणखी फाटेल. बुधवारी दुपारी चार वाजता याने शेगडीत कोळसे पेटवले आणि तांब्याच्या टोकाची जड सळई त्यात खुपसली. मग टाकीपाशी गुडघे टेकले, तोंडाला नाक लावलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

मी तांदूळ निवडत होते. पाच हातांवर. आणि मला वास येत होता.

"एवेलियो, पेट्रोलचा वास येतोय."

"तो बाटल्यांचा. टाकीतलं काढून बाटल्यांत भरलंय ना."

मी उठले. बाटल्या परसात होत्या, बुचं घट्ट. टाकीच्या तोंडाशी वाकले तर डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, भसाभसा वास मारतेय ही!"

"बाई गं, हे काम मी करतो का तू? मी सांगतोय ना, काही नाही. कोरडी ठक्क आहे."

"पाणी भर."

"कुठलं पाणी?"

प्रश्न रास्त होता. नळ येऊन नऊ दिवस झाले होते. घरात पाणी होतं ते अंगणातल्या मातीच्या रांजणात, अर्ध्याच्या खाली, आणि ते सासूबाईंचं होतं. एर्मिनिया, वय ब्याण्णव, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा. दिवसातून दोनदा पुसून काढावं लागतं, नाहीतर जखमा चिघळतात. त्या रांजणातून मी भाताला पाणी घेतलं तरी एवेलियो झाकणाकडे बघायचा. बोलायचा काही नाही, नुसता बघायचा. त्या बघण्याचा मला इतका संताप यायचा की सांगता सोय नाही. त्याच्या आईला पुसायचं मी, कुशीवर वळवायचं मी, आणि पाण्याचा हिशेब ठेवायचा याने!

"रांजणातलं भर," मी म्हटलं.

"ते आईचं आहे. त्याला हात लावायचा नाही."

"आणि तू मेलास तर आईला काय सांगू? पाणी शिल्लक आहे म्हणून?"

"मिगडालिया, उगाच तमाशा करू नकोस. उद्या सकाळी सातला पंपावर पोचायचंय."

त्याने सळईकडे हात नेला. मग माझं डोकं फिरलं. खरं सांगते, त्याचा जीव वाचवावा वगैरे माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की या माणसाचा शब्द आज खाली पडला पाहिजे. मी बादली उचलली, रांजणात बुडवली आणि सरळ टाकीत रिकामी केली.

"वेडी झालीस का!"

"हो!" दुसरी बादली. तिसरी. तो मध्ये आला, मी कोपराने ढकललं. चौथीला आतून सासूबाईंची हाक आली, "काय चाललंय रे तुमचं?" पाचवीला रांजणाचा तळ खरवडला. एवेलियो हात खाली सोडून उभा होता. आता पाणी परत काढूनही उपयोग नव्हता, त्यावर पेट्रोलची तेलकट साय तरंगत होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"झालं. आता दे डाख."

रागारागात त्याने टाकी तिरकी केली, फाटलेली शिवण वर येईल अशी, खाली विटा लावल्या. पाणी शिवणीच्या बोटभर खाली होतं. आत हवा राहिली होती ती फार तर दोन पेले. त्याने सळई उचलली आणि शिवणीला टेकवली.

भक्क!

टाकीच्या तोंडातून हातभर ज्योत उडाली आणि विझली. एवढंच. एवेलियो मागे विटांवर बसला. त्याच्या भुवया नव्हत्या. कपाळावरचे केस जळाल्याचा वास सुटला होता. मी मान वळवून रिकाम्या रांजणाकडे बघितलं, आणि दोन पेल्यांच्या जागी तीच वाफ साठ लिटर असती तर काय झालं असतं, हे माझं डोकं आपोआप मोजू लागलं.

"काय झालं रे?" आतून सासूबाई.

"काही नाही आई," एवेलियो म्हणाला. "शेगडी भडकली."

टाकी त्याच संध्याकाळी नीट झाली, आणि गुरुवारी चाळीस लिटरही मिळालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. माझा अजून पडलेला नाही.

कारण ती ज्योत विझल्यावर मी रांजणाजवळचा पत्र्याचा मग उचलून त्याच्या पाठीत दोन रट्टे घातले. "कोरडी ठक्क काय? काही नाही काय? नाक आहे की दरवाज्याची कडी?"

तो मार चुकवायला हललासुद्धा नाही. खाली बघून म्हणाला, "येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. कशाचाच. तो साथीचा ताप आला होता ना मला, तेव्हापासून."

"तेव्हापासून? त्याला दीड वर्ष झालं! सकाळच्या कॉफीचा?"

"नाही."

"आईच्या खोलीतला?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. आणि माझा आणखी भडका उडाला. त्या खोलीत हा तास तास बसायचा, चेहऱ्यावर आठी नाही. मी तोंडाला फडकं बांधून जायचे आणि मनातून स्वतःला कोसायचे, की पोटचा मुलगा तो पोटचाच, आपण परक्या त्या परक्याच. दीड वर्ष मी स्वतःला खालच्या पायरीवर बसवलं होतं, या माणसाच्या बंद पडलेल्या नाकापायी!

"मग सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर टाक्या कोणी आणल्या असत्या? हुंगून सांगतो म्हणून तर येतात लोक. जाडीला महिन्यातून वीस दिवस पेट्रोल नसतं. खायचं काय होतं?"

"म्हणजे तू नुसतीच मान हलवत होतास?"

"उन्हाचा अंदाज घ्यायचो. दोन दिवस कडक ऊन मिळालं की साधारण सुकते."

साधारण. हा शब्द त्याने वापरला.

"नाक गेल्यापासून अशा कोरड्या किती टाक्यांना डाख दिलास?"

त्याने बोटं मोजायला घेतली. रेइनेरियोची पहिली. मग बेकरीवाल्याची, मग डॉक्टरणीच्या भावाची, मग कोणाकोणाची. दोन्ही हातांची बोटं संपली, तसा तो थांबला, आणि पुन्हा अंगठ्यावर आला.

अकरा. अकरा वेळा तो सळई घेऊन प्लॉटवर गेला होता. आणि दर वेळी मी तांदूळ निवडता निवडता दारातून ओरडले होते, येताना कोळसे घेऊन ये, विसरू नकोस.