कँटीनवाली हो म्हणणार की नाही

मी पैज लावायला तयार होते. कँटीनवाली शेवटच्या पर्वात लग्नाला हो म्हणणार म्हणजे म्हणणारच!

ही कँटीनवाली आमच्या लाडक्या विनोदी मालिकेतली. एसटीच्या डेपोत कँटीन चालवणारी, चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची आणि तोंडाची फटकळ. डेपोतला एक लाजाळू विधुर कारकून रोज तिच्याकडे चहा प्यायला यायचा आणि मनातलं न बोलताच कप ठेवून जायचा. मागच्या पर्वात एकदाचं त्यानं विचारलं, तर तिनं उत्तर द्यायच्या आत पर्वच संपलं! आता शेवटचं पर्व लागलं होतं आणि आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

टेबल म्हणजे पिंपळगावच्या पॅकहाऊसमधलं. द्राक्षांचा सीझन लागला की मी तिथं कामाला जाते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात छोटी कात्री. घड उचलायचा, फुटका नि बारका मणी कातरून टाकायचा, डबीत भरायचा. मोबाइल बाहेर ठेवून यावं लागतं, त्यामुळे करमणूक म्हणजे आमची तोंडं. ज्या बाईचा आदल्या रात्रीचा भाग बुडाला असेल तिला तो टेबलावर ऐकवायचा, हा आमचा रिवाज. ऐकवणारी बहुतेक मीच. नकलाही करते.

"हो म्हणणार नसती, तर त्याला नवा शर्ट कशाला घातला असता?" मी म्हणायचे.

"काय नाय," समोरची बाई म्हणायची. तिला नुकतीच सून आलेली, त्यामुळे लग्न या विषयावर तिचा शब्द शेवटचा. "चालतं कँटीन सोडून त्याच्या घरी भाकरी थापाया कोण जाईल?"

"पण कँटीन सोड असं म्हणतंय कोण?"

"लग्नाआधी कुणीच म्हणत नाय, बाई!"

अख्खं टेबल हसलं. मला असा राग आला की एका टपोऱ्या घडाचा देठ मी भलत्याच जागी कातरला. अर्धा घड खाली! सुपरवायझर धावत आला. "ताई, लग्न कुणाचं हाय एवढं?"

"आमच्या घरातलंच समज," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या, आक्का तेवढी हसली नाही. आक्का आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी. वडील गेल्यावर धाकट्या भावांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. भाऊ चांगले आहेत, तिला काही कमी पडू देत नाहीत. पण संध्याकाळी ती आपल्या खोलीत एकटीच जेवते, हे मला ठाऊक होतं.

चहाच्या सुट्टीत तिनं मला बाजूला घेतलं. "ती हो म्हणंल असं तुला खरंच वाटतं?"

"शंभर टक्के! का गं?"

मग हळूहळू निघालं. देवळा गावचा एक माणूस. कांद्याचा टेंपो चालवतो, बायको वारली, मुलगी सासरी सुखात. वहिनीच्या नात्यातला. त्यानं आक्काला मागणी घातली होती.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, शेवटचा भाग होऊ द्या."

"अगं आक्के, ती मालिका आहे!"

"मग तू घड कशाला तोडतीस तिच्यापायी?"

वर तिनं मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. झालं, माझा जीव टांगणीला लागला. टेबलावर मी दुप्पट जोरानं भांडायला लागले. रोज टीव्हीपुढे बसून मनातल्या मनात त्या लिहिणाऱ्याला विनवायचे, बाबा रे, नीट लिही, इथं एका बाईचा संसार अडलाय.

आणि शेवटच्या भागात कँटीनवाली नाही म्हणाली! कारकुनाला चहा दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाली, "असेच येत जा." संपली मालिका.

"मेल्यांनो!" मी ओरडलेच.

"भाजी वाढतेस का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही!"

दुसऱ्या दिवशी मी पॅकहाऊसला गेले. आक्काला काय सांगायचं ते वाटेत घोकत होते. ती आधीच टेबलाशी उभी होती, आणि मास्कच्या वर डोळे सुजलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरचीनं घाई केली. "काल आमच्याकडं लाईट नव्हती. सांग ना, काय झालं?"

मी आक्काकडे पाहिलं. आक्कानंच हातातला घड खाली ठेवला.

"ती नाय म्हणाली."

"बघ! मी सांगत नव्हते?" समोरचीनं मला हिणवलं.

"मी लय रडले," आक्का म्हणाली. "भाऊ पळत आला. म्हणे, काय झालं? म्हटलं, अरे, तिनं त्याला नुसता चहा पाजून लावून दिलं रे. तो म्हणे, मग तुला एवढं रडू कशाचं येतंय? ते मला तवाच कळलं. म्हटलं, देवळ्याला फोन लाव."

"देवळ्याला? ते कशाला?" समोरची गोंधळली.

आक्कानं मास्क खाली ओढला. हसत होती.

"तिनं नाय म्हटलं," ती म्हणाली. "मी हो म्हटलं."