खुराड्यातली देवी

अंडं उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून ती आरपार बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "पाहून घ्या भाऊ, मंग म्हनू नका." आत डाग दिसला तर अंडं परत टोपलीत.

रिसोडला आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर होतं आणि घरामागे चाळीस कोंबड्या. आकडा माझा आहे, मोजलेला. ती मोजत नसे. "मोजल्यानं नजर लागते," म्हणायची. गल्ली तिला मावशी म्हणे. नवरा नव्हता, एकच मुलगी होती. मुलगी त्या वर्षी मॅट्रिक झाली आणि अकोल्याला नर्सच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली. गणपतीच्या आत दीडशे रुपये भरायचे होते. पावसाळ्यातल्या अंड्यांवर ते सहज निघाले असते, कारण एसटी स्टँडवरचा हॉटेलवाला आमलेटसाठी तिची बहुतेक अंडी उचलायचा.

श्रावणात कोंबड्यांच्या तुऱ्यांवर, डोळ्यांभोवती फोड आले. दुसऱ्या कोणी आधी सुरी शोधली असती. मावशीने हात जोडले. "माता आली," म्हणाली.

आपल्याकडे लेकराला देवी आल्या की घर कसं पाळतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तिने कोंबड्यांसाठी तेच सगळं केलं. दारावर कडुलिंब बांधला. घरात फोडणी बंद, पायात चप्पल बंद. आईला थंडावा हवा म्हणून खुराड्याभोवती पाण्याने भरलेली मडकी, डबे, फुटके माठ मांडले, वर ओली पोती टाकली. ते पाणी हलवायचं नाही. माता उठेपर्यंत घरातून काही विकायचं नाही, म्हणून अंडीही बंद.

तेव्हा देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकारी बक्षीस होतं. हॉटेलवाल्याने दारावरचा लिंब पाहिला आणि धावत जाऊन दवाखान्यात वर्दी दिली. जीप आली. साहेबांनी विचारलं, "रोगी कुठे आहे?"

"मांगं हाय. वाहना काढून या," मावशी म्हणाली.

साहेब अनवाणी खुराड्यापर्यंत गेले, वाकून बघितलं आणि परत जीपमध्ये बसले. गाव आठवडाभर हसलं. हॉटेलवाल्याला ते हसणं झोंबलं. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, "तिच्या घरची अंडी देवीची हायेत बाप्पा, खासान तं पोरायले निघन."

मी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी एका मडक्यात ओंजळ घातली आणि तिच्यासमोर धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"मावशी, हे डास होणार. आजारी कोंबडीला चावलेला डास चांगलीला चावला की तिलाही फोड येतात. हे सगळं पाणी ओता. ज्या बऱ्या आहेत त्यांच्या पंखात लस टोचतो."

"टोचता? आई अंगावर हाय अन् तिले सुई टोचता?"

"ही माणसांची देवी नाही हो."

"माह्या घरी आली, माही हाय."

डॉक्टर गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीने सगळी मडकी उपडी केली. मावशीने ती पाहिली आणि पोरीच्या तोंडात मारली. "शिकली म्हनून आईवर पाय देऊन राह्यली का तू?" पोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "माय, तुया कोंबड्या तूच मारून राह्यली." मावशीने विहिरीवरून पाणी आणून मडकी पुन्हा भरली.

सतरा मेल्या. प्रत्येकीला हळदकुंकू लावून तिने पुरलं. ज्यांचे डोळे फोडांनी बंद झाले होते त्यांना मांडीवर घेऊन ती ज्वारीचं पीठ भिजवून चोचीत भरवायची. "खाय वो बाई, खाय," म्हणायची. अशा नऊ कोंबड्या तिने जगवल्या. मी इतक्या मायेने लेकराला भरवणारी माणसंही फार पाहिली नाहीत, आणि त्याच खुराड्याच्या चारी बाजूंना तिनेच भरलेलं पाणी होतं.

एकदा हॉटेलात चहा घेताना डॉक्टर मला म्हणाले, "वाचल्या त्यांना हा रोग बहुतेक पुन्हा होत नाही. महिन्याभरात अंड्यावर येतील." हॉटेलवाला तिथेच कपात चहा ओतत होता.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात उभा. "देवीच्या कोंबड्या गावात घेते कोन, मावशी? मी उचलतो. नगाले तीन रुपये."

मी तिथेच होतो. म्हटलं, "मावशी, विकू नका. महिनाभर थांबा, अंडी देतील."

"अंडी घेते कोन, भाऊ? यायले दाने कुठून घालू?"

तेवीस कोंबड्यांचे एकोणसत्तर ठरले. त्याने पोत्यांचे आणि गाड्याचे चार कापून पासष्ट तिच्या हातावर ठेवले. मी म्हटलं, "राहिलेले पंच्याऐंशी मी देतो. गणपतीला अजून सहा दिवस आहेत. पोरीला पाठवा."

मुलगी आतल्या दारात उभी होती. मावशीने तिच्याकडे बघितलंही नाही.

"पैशाचं नाई, भाऊ. ह्या पोरीनं आईचं पानी वतलं, म्हून सतरा गेल्या. जे आईले पानी राहू देत नाई, ते रोग्याले काय पाजन?"

मी पुष्कळ सांगून पाहिलं. माझी बायकोही बोलली. मावशीने ऐकलं नाही.

दिवाळीनंतर इंझोरीच्या एका बिजवराशी तिचं लग्न लागलं आणि मावशीही घर मोडून तिकडेच गेली. खुराड्याच्या जागी नंतर कोणी शेणाचा उकिरडा केला. स्टँडवरच्या हॉटेलात आमलेट पुन्हा मिळू लागलं, भाव पाच पैशांनी वाढवून.

त्या पासष्टांतले एकवीस मावशीने गावाबाहेरच्या आईला खणानारळासह दिले. चव्वेचाळीस इंझोरीच्या नवरदेवाकडच्यांना मानपानात गेले. अकोल्याला काहीच भरलं नाही.